अ.पा.क. आई

२०२३ च्या अखेरीस सगळीकडे कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा माझ्या चुलतभावाने घरातील वंशावळ बाहेर काढली. जाड, पिवळट कागदावर आजोबांच्या हातची ती वंशावळ मी लहानपणापासून पाहत आले होते. तिच्यात सात पिढ्या होत्या आणि एकोणतीस नावे होती, सगळी पुरुषांची. त्या दिवशी भावाच्या शेजारी बसून तिची साफ प्रत करताना माझ्या लक्षात आले की, ज्या पणजीने आमच्या आजोबांना एकटीने वाढवले असे घरात सगळेच सांगतात, तिचे नाव मला माहीत नाही. विचारायला वडील राहिले नव्हते. थोरल्या काकांनी बराच वेळ आठवून पाहिले आणि ते म्हणाले, "आम्ही तिला थोरली आई म्हणायचो. कागदावर काय होतं, कोण जाणे."

भावाचे काम चार महिन्यांत संपले. मी मात्र त्या दप्तरांपाशीच राहिले, आणि जे हाती लागले ते येथे सविस्तर लिहीत आहे. आमचे गाव वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या काठी आहे, एवढेच सांगते. गावाचे नाव आणि घरातील माणसांची नावे देत नाही, कारण जमिनीच्या वाटण्यांवरून दुखावलेली माणसे दोन्ही बाजूंना अजून हयात आहेत आणि त्यांना या लेखामुळे त्रास व्हावा असे मला वाटत नाही.

घरात दोन गोष्टी पक्क्या मानल्या जात होत्या. पहिली अशी की, पणजोबा जर्मनच्या लढाईत बसऱ्याकडे गेले आणि परत आले नाहीत. दुसरी अशी की, सावकाराकडे अडकलेली आमची जमीन बेचाळीसनंतर प्रतिसरकारने, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या भूमिगत समांतर सरकारने, सोडवून दिली. आमच्या भागात या दोन्ही गोष्टी सहज खऱ्या वाटतात. पहिल्या महायुद्धात सातारा जिल्ह्यातून पुष्कळ माणसे पलटणीत गेली होती. इराकमधील कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या आणि १९१६ च्या एप्रिलमध्ये तेथे शरणागती पत्करावी लागली. प्रतिसरकार तर आमच्याच शिवारात उभे राहिले. क्रांतिसिंह नाना पाटलांचे येडे मच्छिंद्र वाळवा तालुक्यातलेच. त्यामुळे या गोष्टी तपासून पाहाव्यात असे घरात कोणाला कधी वाटले नाही.

लढाईची गोष्ट तपासणे तुलनेने सोपे होते. राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाच्या संकेतस्थळावर मृत सैनिकांची यादी आहे. इराकमधील बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे, आणि हिंदी शिपायांच्या नोंदीत पुष्कळदा बापाचे नाव, गाव, तालुका आणि सातारा, मुंबई इलाखा असा पत्ताही सापडतो. इंग्रजी स्पेलिंग त्या वेळच्या कारकुनाच्या कानावर अवलंबून असल्यामुळे मी आमचे आडनाव नऊ प्रकारांनी लिहून पाहिले, मग आडनाव सोडून नुसत्या गावाच्या नावाने शोधले. शेजारच्या गावचे दोघे सापडले. त्यांच्या घरी ही गोष्ट माहीत असेल का, या विचाराने त्या संध्याकाळी मला दुसरे काही सुचले नाही. आमचे पणजोबा मात्र त्या यादीत नव्हते.

ते सापडले कोतवाल बुकात. गावातील जन्म-मृत्यूची ही नोंदवही म्हणजे गाव नमुना चौदा, परंतु लोक तिला कोतवाल बुकच म्हणतात. ती शोधताना पहिला महिना वाया गेला. चूक माझीच होती. सांगली जिल्हा १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा या नावाने वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्याआधीची सगळी नोंद 'जिल्हा सातारा' अशी आहे, आणि मी अर्जावर निष्ठेने 'सांगली' लिहून देत होते. शेवटी अभिलेख कक्षातील एका वयस्कर कारकुनाने माझा अर्ज परत करून समजावले की, बाई, तुम्ही ज्या सालातले माणूस शोधता त्या सालातला जिल्हा लिहा. वंशावळ शोधणाऱ्याला याहून उपयोगी सल्ला कोणी देऊ शकेल असे मला वाटत नाही.

१९१८ चे पुस्तक उघडले तेव्हा ती साथ मला प्रथम डोळ्यांनी दिसली. सप्टेंबरचे मृत्यू अर्ध्या पानात मावले होते. ऑक्टोबरला सहा पाने लागली होती. हीच ती मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ. मुंबईतून रेल्वेने आणि परतणाऱ्या माणसांबरोबर ती गावोगाव पसरली आणि काही महिन्यांत हिंदुस्थानातील एक कोटीहून अधिक माणसे घेऊन गेली. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. मृत्यूचे कारण लिहिण्याच्या रकान्यात पहिल्या ओळीला 'ताप' असे लिहिले होते आणि खाली पानभर फक्त 'सदर, सदर, सदर'. लिहिणाऱ्याचे अक्षर पहिल्या पानावर नेटके होते, तिसऱ्या पानापासून ते बिघडत गेले आणि पाचव्या पानावर हात बदलला. पहिला लिहिणारा आजारी पडला की गेला, हे त्या पुस्तकात मला सापडले नाही.

पाचव्या पानावर पणजोबा होते. वय २७. ताप. तारीख २३ ऑक्टोबर १९१८. म्हणजे ते बसऱ्याला नव्हे, आपल्याच घरात गेले. मी तो उतारा लिहून घेतला आणि सहज आधीचे पान उलटले, तर आठ दिवस अगोदरच्या तारखेला पुन्हा त्यांचेच नाव दिसले. क्षणभर वाटले की नोंद दोनदा झाली. नीट वाचल्यावर कळले की, नाव त्यांचे असले तरी पुढे लिहिले होते, 'याची मुलगी, वय वर्षे १॥, ताप'.

आजोबांना एक बहीण होती. दीड वर्षाची होऊन ती गेली. आमच्या घरात हे कोणालाही ठाऊक नव्हते, आजोबांनीही कधी सांगितले नाही. ते तेव्हा चार वर्षांचे असल्यामुळे त्यांना आठवतही नसेल. आठ दिवसांत मुलगी आणि नवरा गमावलेली ती बाई पुढे सदतीस वर्षे जगली, आणि तिने हे कोणाला सांगितले नाही, किंवा ज्यांना सांगितले त्यांनी पुढे पोहोचवले नाही. मुलीचे नाव नोंदीत नाही.

आता पणजीचे नाव शोधायचे होते, आणि त्यासाठी फेरफाराखेरीज, म्हणजे जमिनीवरचे नाव बदलल्याच्या नोंदीखेरीज, वाट नव्हती. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदीची पद्धत आली आणि १९१३ मध्ये ती जमीन महसुलाच्या कायद्यातच घालण्यात आली. त्यामुळे १९१८ साली मेलेल्या शेतकऱ्याच्या मागे फेरफाराची नोंद असणारच, असा माझा भरवसा होता. जुने फेरफार वाचताना काही खुणा माहीत असाव्या लागतात. 'बिन' आणि 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम' किंवा 'भ्रतार' म्हणजे अमक्याची बायको. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अर्थात वयात न आलेल्या वारसाच्या वतीने जमीन पाहणारा. एखाद्याचा हक्क संपला की त्याचे नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. आणि हिस्सा लिहिलेला असतो आण्या-पैत. आमच्या पणजोबांच्या नावापुढे ५ आणे ४ पै असे होते, म्हणजे सोळा आण्यांचा बरोबर तिसरा भाग, कारण ते तिघे भाऊ होते.

१९१९ च्या मार्चमधील फेरफारात पणजोबांच्या जागी आजोबांचे नाव लागलेले सापडले. पुढे लिहिले होते: 'अज्ञान, वय वर्षे ४, अ.पा.क. चुलता', आणि त्यापुढे थोरल्या चुलत्याचे नाव. पणजीचा त्यात कोठेही उल्लेख नव्हता. खरे सांगायचे तर मी येथे थांबलेच होते. त्या काळच्या कायद्यात एकत्र कुटुंबातील विधवेला पोटगीपलीकडे हक्क नव्हता. नवऱ्याच्या हिश्श्यात तिला काहीएक स्थान मिळाले ते १९३७ च्या कायद्याने, आणि तेही मर्यादित. संपूर्ण मालकीसाठी १९५६ उजाडावे लागले. जिला कायद्यात जागा नव्हती ती कागदावर कोठून येणार, अशी मी मनाची समजूत घातली होती.

तरीही पुढची पाने चाळत राहिले, कारण नकलेचे पैसे भरलेले होते आणि खिडकी बंद व्हायला अजून तासभर होता. १९२१ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच जमिनीचा आणखी एक फेरफार होता. चार ओळींचा. चुलत्याच्या नावाला कंस केलेला होता, आणि खाली लिहिले होते की, अज्ञानाच्या आईने हरकत घेतल्यावरून चौकशी केली, चुलता हजर, त्याची तक्रार नाही, अज्ञानाचा मामा हजर, सबब पालनकर्ता म्हणून चुलत्याचे नाव कमी करून आईचे नाव दाखल केले. त्याखाली आजोबांचे नाव, आणि मग: 'अ.पा.क. आई', आणि तिचे नाव, नवऱ्याच्या नावासकट, पूर्ण.

ते नाव मी तीन वेळा वाचले. अगदी साधे नाव आहे. त्या पिढीत प्रत्येक गल्लीत त्या नावाच्या दोघी तरी असतील. मी घरी फोन करून काकांना सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त एकदा ते नाव मोठ्याने उच्चारून पाहिले.

चुलता वाईट होता, असे या नोंदीवरून म्हणता येत नाही आणि मी ते म्हणणारही नाही. कदाचित त्याने अडीच वर्षे पुतण्याचा हिस्सा नीटच सांभाळला असेल, 'तक्रार नाही' असेही त्याने निमूटपणे सांगितले आहे. परंतु पंचविशीतली, अक्षरओळख नसलेली बाई तलाठ्याकडे जाऊन हरकत नोंदवते, सर्कलसाहेबापुढे भावाला घेऊन उभी राहते आणि पाच आणे चार पैच्या पुढे आपले नाव लिहून घेते, याचा अर्थ तिला अ.पा.क. या तीन अक्षरांचे मोल पुरते माहीत होते. त्या काळी सरकारी कागदावर तिला उभे राहता येईल अशी तेवढी एकच जागा होती.

मामाच्या उल्लेखाने पुढचा दुवा मिळाला. माझी आत्या आता ऐंशीला टेकली आहे. पणजी गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आपल्या वडिलांविषयी, म्हणजे आमच्या आजोबांविषयी, तिला आठवत होते की, "दादा म्हणायचे, मी बाराखडी कृष्णेपलीकडं शिकलो." कृष्णेपलीकडे म्हणजे तेव्हाचा तासगाव तालुका. आत्याला आजोळच्या गावाचे नाव अर्धवट आठवत होते, तेवढे पुरले. त्या गावच्या शाळेचे जुने जनरल रजिस्टर मुख्याध्यापकांनी कापडात बांधून जपून ठेवले आहे. ते स्वतः माझ्याबरोबर दुपारभर बसले. १९२० च्या जूनमध्ये आजोबांचे नाव दाखल झालेले होते. जन्मतारीख १ जून १९१४. ही तारीख गुरुजींनी ठरवलेली असणार, कारण शाळेच्या सोयीसाठी आपल्याकडे निम्मी पिढी १ जूनला जन्मलेली आहे. कोतवाल बुकाप्रमाणे आजोबा १९ ऑगस्टचे. पालकाच्या रकान्यात मामाचे नाव, आडनावासह. म्हणजे पणजीचे माहेरचे आडनावही कळले. शाळा सोडल्याची तारीख मे १९२२, कारण 'परगावी गेला', इयत्ता दुसरी.

म्हणजे नवरा गेल्यानंतर ती मुलाला घेऊन माहेरी राहिली होती, तेथून तिने हरकत घेतली, आणि नाव लागल्यावर सहा महिन्यांनी मुलाची शाळा सोडवून ती सासरी परतली. परतून तिने काय केले हे सांगणारा कागद मात्र कोणत्याच कचेरीत नव्हता. तो आमच्याच घरात होता.

आमच्या माजघरात एक लोखंडी ट्रंक आहे. तिच्यात जुने पंचांग, दस्त, पावत्या आणि एक मोडीतील कागद होता, ज्याला सगळे 'पेशवाईतला कागद' म्हणत आणि कोणी वाचत नसे. मोडी लिहिली गेली की जुनीच असणार, असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात १९५० च्या सुमारापर्यंत ती व्यवहारात होती आणि आपल्या आजोबांची पिढी ती शाळेत शिकली होती. मी दोन महिने मोडीचा वर्ग केला. आधी आडवी रेघ ओढून अक्षरे तिला टांगलेली, शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळायचा नाही, आणि प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे. वर्ग संपल्यावर मी तो कागद घेऊन बसले. पहिल्या दिवशी अडीच ओळी लागल्या. आठव्या दिवशी शिक्षकांच्या मदतीने तो पूर्ण लागला.

ते गहाणखत होते. शके १८४४, दुंदुभी नाम संवत्सर, ज्येष्ठ महिना. शकात ७८ मिळवले की १९२२ येते, म्हणजे शाळा सोडल्यानंतरचा पुढचाच महिना. लिहून घेणार गावचे सावकार. लिहून देणार पणजी, 'उमर वर्षे सुमारे २६, धंदा शेती', स्वतःकरिता व अज्ञान मुलाचे पालनकर्ती म्हणून. 'कारणे नजरगहाणखत लिहून दिले ऐसीजे, बैल एक घेणेकामी व बियाणेकामी तुम्हापासून रुपये २०० रोख भरून पावले...' पेरणीच्या तोंडावर घेतलेले कर्ज होते ते. नजरगहाण म्हणजे जमिनीचा ताबा तिच्याकडेच राहणार होता आणि ती तिला कसायची होती. 'एक बैल' हा शब्द मला फार वेळ अडवून बसला. नांगराला निदान दोन लागतात. दुसरा बैल एकतर माहेराहून आला असेल, किंवा शेजाऱ्याशी सावड केली असेल. आमच्याकडे एकेक बैलवाल्या दोन घरांनी मिळून पाळीपाळीने नांगरट करण्याची रीत होतीच.

शेवटी 'हे राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले असे', आणि खाली डाव्या हाताचा अंगठा. शाई तपकिरी पडली आहे, पण रेषा स्पष्ट आहेत. मी भिंग लावून पाहिले. अंगठ्याच्या वेटोळ्यातून एक पांढरी तिरकी रेघ गेली आहे, जेथे शाई उमटलेलीच नाही. कापणी करताना उजव्या हातात विळा असतो आणि डाव्या हाताच्या मुठीत ताटे धरतात, त्यामुळे कापणाऱ्याच्या डाव्या अंगठ्यावर असा व्रण असतो. मी आत्याला विचारले. अंगठ्याचे तिला काही आठवत नाही. तिला पणजीची बोटे आठवतात ती मोजताना. संध्याकाळी ओसरीवर बसून ती अंगठ्याने बोटांची पेरे मोजत असे, ओठ हलत असत, आणि मोजताना मध्ये कोणी बोलले तर ती पुन्हा पहिल्या पेरापासून सुरू करी.

कागदाच्या पाठीवर वसुलाचे शेरे आहेत. एकूण चौदा. पहिला १९२४ चा, रुपये २५. मग १५, २०. १९२८ ला एकदम ४०, ते बहुधा चांगले साल असावे. १९३० पासून आकडे लहान होत जातात: ५, मग ३. जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले होते आणि तेवढ्याच रुपयासाठी पूर्वीच्या मानाने कितीतरी अधिक जोंधळा विकावा लागत होता. १९३२ चा शेरा तर 'रुपये २, बाकी जोंधळे रूपाने' असा आहे. एकही वर्ष सोडले आहे का, हे मी बोटांवरच मोजून पाहिले: १९२६ सोडले आहे. बाकी दरवर्षी काही ना काही दिलेले आहे. शेवटचा शेरा १९३८ च्या वैशाखातला: 'मुद्दल व व्याज मिळून सर्व भरून पावलो. बाकी राहिली नाही. गहाणखत परत दिले.' खाली सावकाराची सही.

१९३८ मध्ये प्रतिसरकारचा जन्मही झाला नव्हता. ते उभे राहिले १९४३ मध्ये. प्रतिसरकारने आमच्या भागात सावकारीला चाप लावला, अनेकांच्या जमिनी मोकळ्या केल्या, याबद्दल मला आदरच आहे आणि काकांना तर तो फार आहे. म्हणून हा कागद त्यांना वाचून दाखवताना मला संकोच वाटत होता. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. मग म्हणाले, "शेजारच्यांची सोडवली होती. आम्ही ती आमच्यात धरली असणार." थोड्या वेळाने त्यांनी तो कागद मागून घेतला आणि पाठीवरचे आकडे स्वतः बेरीज करून पाहिले. तो कागद आता पेशवाईतला राहिलेला नाही. प्लॅस्टिकच्या आवरणात घालून काकांनी तो आपल्या उशाशी ठेवला आहे.

मधल्या काळात हेळव्यांनाही भेटले. सजवलेला बैल घेऊन सुगीनंतर दारी येणारे आणि घराण्याची वंशावळ म्हणून दाखवणारे हेळवी आमच्याकडे अजून येतात. त्यांनी आमच्या घराण्याचे मूळ ठिकाण, कुलदैवत, देवक आणि नऊ पिढ्या धडाधड सांगितल्या, म्हणजे आमच्या कागदापेक्षा दोन अधिक. बायकांविषयी विचारले तेव्हा त्यांनी नम्रपणे सांगितले की, लेकीसुना त्यांच्या वहीत नसतात.

त्या कोठे असतात, हे मला नाशिकला कळले. आत्याला आठवत होते की, पणजीच्या वर्षश्राद्धाला आजोबा नाशिकला गेले होते आणि तेव्हा सिंहस्थ होता. म्हणजे १९५६. पंचवटीत रामकुंडावर तीर्थोपाध्यांकडे यजमानांच्या नामावळ्या असतात. लांबट वह्या, आडनाव आणि गाव यांवरून लावलेल्या, आणि ज्या घराण्याचे जे उपाध्ये त्यांच्याकडेच त्या घराण्याची वही. आमचे उपाध्ये शोधायला अर्धा दिवस गेला. वही उघडायला पाच मिनिटे लागली. तीर्थश्राद्धात बापाकडच्या तीन पिढ्यांबरोबर आईकडच्याही तीन पिढ्यांचा उच्चार करावा लागतो: मातामह, प्रमातामह, वृद्धप्रमातामह. म्हणून उपाध्ये यजमानाला आईच्या वडिलांचे नाव विचारतात आणि लिहूनही घेतात. घरच्या वंशावळीत जिला जागा मिळाली नाही, तिचे माहेर या वहीत श्राद्धाच्या गरजेने शिल्लक राहिले आहे.

दुसरीपर्यंत शिकलेल्या माणसाचे ते मोठे, सुटे, बाळबोध अक्षर मी लगेच ओळखले. वंशावळीतले हेच अक्षर. आजोबांनी आधी आपले नाव, मग मुलांची नावे लिहिली होती. खाली 'मातोश्री' असे लिहून तिचे पूर्ण नाव, आणि 'यांच्या वर्षश्राद्धाकरिता आलो'. त्याखाली तिचे वडील आणि तिचे आजोबा. तिसरे नाव त्यांना माहीत नसावे, तेथे रेघ आहे. ज्या हाताने घरी बसून एकोणतीस पुरुषांची वंशावळ लिहिली, त्याच हाताने घाटावर बसून आईचे नाव लिहिले होते. दोन्हींची शाईसुद्धा सारख्याच निळ्या रंगाची आहे. त्या ओळीचे छायाचित्र मी उपाध्यांच्या परवानगीने घेतले आणि वहीत नव्याने आमच्या घरची नावे भरली. आत्याने फोनवरून आपल्या दोन बहिणींची, त्यांच्या लेकींची नावे एकेक करून सांगितली, सासरच्या आडनावासह.

पणजीच्या वडिलांचे नाव हाती आल्यावर एकच गोष्ट राहिली होती. सासरी नाव बदलण्याची रीत आमच्याकडे सर्रास होती, त्यामुळे फेरफारातील नाव हे तिच्या नवऱ्याच्या घरी ठेवलेले असणार. जन्माने तिचे नाव काय होते? गहाणखतात १९२२ साली 'सुमारे २६' लिहिले आहे, म्हणून मी तिच्या माहेरच्या गावचे १८९२ ते १९०० या सालांचे जन्माचे कोतवाल बुक मागवले. पुस्तकाचा काही भाग कसरीने खाल्ला आहे. उरलेल्या पानांत त्या बापाच्या नावावर पाच जन्म सापडले. दोन मुलगे. तीन मुली: १८९३, १८९६ आणि १८९९. जन्माच्या वेळी बारसे झालेले नसते, त्यामुळे मुलाचेही नाव नोंदीत नाही आणि मुलीचेही नाही. वडिलांचे नाव, तारीख, आणि पुढे 'स्त्री, जिवंत'.

वयाच्या हिशेबाने मधली ती असावी. परंतु 'सुमारे' या शब्दावर तीन वर्षांचा भार टाकणे मला पटत नाही, म्हणून मी तिन्ही नोंदींच्या नकला घेतल्या आहेत. आत्याने त्या तिन्ही कागदांवरून हात फिरवला, अंगठ्याने बोटांची पेरे मोजली आणि म्हणाली, "शहाण्णवचीच. पण तिघी ठेव."